जुनी चेन सॉ विकत घेताना: सायलेन्सर काढा आणि पिस्टन पाहा

मिरग (मृग नक्षत्र) तोंडावर आला की गोव्यातल्या कुळागरांतून आणि भाटांतून, म्हणजे सुपारी-माडांच्या बागांतून, चेन सॉचे, म्हणजे लाकूड कापणाऱ्या साखळी करवतीचे, आवाज येऊ लागतात. छपरावर झुकलेली फणसाची फांदी, विजेच्या तारांकडे कललेला अकेशिया, शेंडा गळून वठलेला माड, म्हातारी झालेली काजूची झाडे, अशी सगळी कामे पावसाआधी उरकायची असतात आणि नेमक्या याच दिवसांत जुन्या मशिनांचे व्यवहारही होतात. विकणारा दोरी ओढून मशीन सुरू करतो, दोनदा रेस देतो, एखादा ओंडका कापून दाखवतो आणि घेणारा पैसे मोजतो. या सगळ्यात ज्या भागावर मशीनची खरी किंमत ठरते तो भाग, म्हणजे पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू, दोघांपैकी कोणीच पाहिलेली नसते. ती पाहायला पंधरा मिनिटे, एखादा पाना किंवा एलन की आणि एक लहान टॉर्च एवढे पुरते.

मी हे पैसे मोजून शिकलो. सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतीतून आणलेले, बाहेरून अगदी स्वच्छ दिसणारे मशीन तिसऱ्याच आठवड्यात काजूचे खोड कापताना किंचाळून बंद पडले. पिस्टन जळला होता. नवा बसवला, तोही दीड महिन्यात गेला. दुसऱ्या वेळी फोंड्याच्या ज्या मिस्त्रीकडे गेलो त्याने जळका पिस्टन बोटांत फिरवत मला ऐकवले, "बाब, पिस्टन काय स्वतःहून जळत नाही. त्याला जाळणारा अजून मशीनमध्येच बसलाय." कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबरी नळीच्या घडीत केसाएवढी चीर होती. नळी दाबून वाकवल्याशिवाय ती दिसतही नव्हती. म्हणून पुढील तपासणीचे दोन टप्पे आहेत. उष्णतेने काय बिघडले हे व्यवहाराआधी ओळखायचे, आणि ते कशामुळे बिघडले हे सुट्या भागांवर खर्च करण्याआधी शोधायचे.

उष्णता नेमके काय करते

चेन सॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाच्या ऑइलची वेगळी टाकी नसते (साखळीच्या ऑइलची टाकी निराळी). ज्यांनी लुना किंवा जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेतल्याचे आठवत असेल, चेन सॉचेही तसेच आहे. पेट्रोल आणि ऑइल यांचे मिश्रण हवेबरोबर आधी पिस्टनखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये येते, बेअरिंगांवर आणि पिस्टनच्या कडेवर ऑइलचा पातळ थर सोडते, पेट्रोलची वाफ होताना आतली थोडी उष्णता शोषून घेते आणि त्यानंतर वर जाऊन जळते. त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, ज्याला मिस्त्री लोक ‘मशीन लीन चालते’ असे म्हणतात, तर एकाच वेळी दोन नुकसाने होतात: इंजिन जास्त तापते आणि वंगणही घटते.

पिस्टनची कार्ब्युरेटरकडची बाजू आत येणाऱ्या थंड मिश्रणाने निवत राहते, पण सायलेन्सरकडच्या बाजूवरून पूर्ण वेगात मिनिटाला बारा-तेरा हजार वेळा जळता वायू बाहेर पडत असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन म्हणूनच त्या बाजूला आधी फुगतो, ऑइलचा थर तुटतो आणि पिस्टनचा मऊ धातू सिलिंडरच्या भिंतीवर चोपडला जातो. सायलेन्सर तुंबला असेल तर जळलेला वायू पूर्ण बाहेर जात नाही, ताज्या मिश्रणाला जागा मिळत नाही, ताकद घटते, आणि चालवणारा ती भरून काढण्यासाठी रेस दाबून धरतो. शेवट तोच होतो, फक्त थोडा उशिरा.

मशीन पाहायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगावे की मी येण्यापूर्वी मशीन सुरू करू नका. पोचल्यावर सायलेन्सरच्या जवळ हाताची मागची बाजू नेऊन तो गार आहे ना हे पाहावे. गरम असेल तर घाई न करता तो पूर्ण निवेपर्यंत थांबावे, कारण थंड मशीन किती ओढींत सुरू होते आणि तेच मशीन तापल्यावर कसे वागते, या दोन्ही गोष्टी तुम्हाला स्वतः पाहायच्या आहेत.

बाहेरून दिसणाऱ्या खुणांपैकी तीन महत्त्वाच्या आहेत. सायलेन्सरजवळचे प्लास्टिक, म्हणजे पुढचा हँडगार्ड आणि वरचे झाकण, मऊ होऊन वाकलेले, फुगलेले किंवा तपकिरी पडलेले आहे का ते पाहावे. सायलेन्सर आणि सिलिंडर जिथे जुळतात तिथे काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग असेल तर पॅकिंग फुटलेले आहे किंवा नट सैल आहेत, आणि गरम वायू तिथून थेट मशीनच्या अंगावर येतो आहे. तिसरी खूण फसवी असते. बाकीचे मशीन जुनाट आणि सायलेन्सर मात्र काळ्या रंगाने चकचकीत असेल तर तो कशासाठी रंगवला हे विचारावे. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत सायलेन्सरचा पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे रंग प्रामाणिकपणेही दिलेला असू शकतो, पण आतून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

यानंतर साखळीवरचे झाकण काढून साखळी फिरवणारा क्लच ड्रम पाहावा. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळे पडते, त्यामुळे ड्रमवर निळी-जांभळी झाक दिसली तर ड्रम त्या तापमानापर्यंत गेला आहे हे नक्की. कारण बहुधा चेन ब्रेक अडकलेला असताना रेस दिलेली असते किंवा बोथट साखळीने जबरदस्तीने कापलेले असते. ड्रमच्या मागे असलेला ऑइल पंपाचा प्लास्टिकचा दाता अशा उष्णतेने वितळतो, आणि मग साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीला ऑइल मिळत नाही. पट्टीच्या कडा आणि साखळीचे दातही निळे असतील तर समजावे की मालकाने मशीनकडे नव्हे, फक्त लाकडाकडे पाहिले. ही इंजिनाची उष्णता नाही, पण असा मालक इंजिनाशी कसा वागला असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

सायलेन्सर काढणे

हीच मुख्य पायरी. विकणारा याला नाही म्हणत असेल तर तिथून परत निघावे. व्यवहार मोडल्याचे वाईट वाटते, पण दुसऱ्याचा जळका पिस्टन घरी नेण्यापेक्षा ते बरे.

इंजिन गार आणि स्विच बंद असताना स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. बहुतेक मशिनांवर सायलेन्सर दोन किंवा तीन नट-बोल्टांवर बसलेला असतो. ते जळून घट्ट बसलेले असतील तर जोर न लावता गंज सोडवणारे तेल फवारून दहा मिनिटे थांबावे, कारण ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात बोल्ट तुटला तर मशीन बघायला आलेला माणूस आणि मशीनचा मालक दोघेही अडचणीत येतात. सायलेन्सर उतरवल्यावर धुराचे भोक उघडे होते. आता स्टार्टरची दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वर-खाली न्यावा आणि टॉर्चचा उजेड तिरका टाकून त्याची कड पाहावी. सरळ समोरून उजेड टाकला तर ओरखडे लपतात. तिरक्या उजेडात ते नांगरलेल्या शेताच्या सरींसारखे उठून दिसतात.

निरोगी पिस्टनची कड मंद राखाडी असते आणि तिच्यावर कारखान्यात कापलेल्या आडव्या बारीक रेषा अजून दिसतात. या आडव्या रेषा शाबूत असणे हा सर्वांत दिलासा देणारा पुरावा आहे. काही उभ्या रेषा दिसल्या तरी लगेच घाबरू नये. एकही रेष नखाला लागत नसेल तर ती बहुधा फक्त झिजेची खूण असते. नख अडले की प्रश्न सुरू होतो.

पिस्टन भोकासमोर असताना वरच्या कडेजवळची रिंग दिसते. तिला दाबून पाहायला लोखंडी तार वापरू नये. माडाच्या झावळीचा हीर घ्यावा, तो इतका कडक असतो की रिंग दबते आणि इतका मऊ की ओरखडा पडत नाही. हिराने दाबल्यावर रिंग आत जाऊन स्प्रिंगसारखी परत बाहेर आली पाहिजे. ती जागची हलली नाही तर कार्बनमुळे किंवा चोपडलेल्या धातूमुळे खाचेत अडकली आहे, आणि अशी रिंग सिलिंडर नीट बंद करत नाही.

खुणा कशा वाचायच्या

फक्त सायलेन्सरच्या बाजूला, रुंद पट्ट्यात, धातू चोपडल्यासारखा चकाकत असेल आणि कार्ब्युरेटरची बाजू स्वच्छ असेल, तर मशीन लीन चालून तापले आहे. ही सर्वांत नेहमीची खूण, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा कुठेतरी हवेची गळती किंवा पेट्रोलच्या वाटेतला अडथळा असतो.

त्याच बाजूला रुंद पट्टा नसून दोन-तीनच अरुंद पण खोल सरी असतील आणि सरीत काळे कण रुतलेले असतील तर गोष्ट वेगळी. सायलेन्सरच्या भोकाच्या कडेला साचलेला कडक कार्बन सुटून पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये अडकला आहे. इथे मिश्रणाचा दोष नसून सफाईचा आहे, म्हणून अशा मशीनची दुरुस्ती तुलनेने समाधानाची असते.

कार्ब्युरेटरच्या बाजूची कड मॅट पडून झिजलेली असेल तर मशीनने धूळ खाल्ली आहे. एअर फिल्टर फाटका होता किंवा नीट बसवलेला नव्हता. जांभ्या दगडाच्या प्रदेशात उन्हाळ्यात तांबडी धूळ सगळीकडे उडत असते, आणि ही धूळ आत गेली की घासकागदाचे काम करते. फिल्टरच्या आतल्या बाजूला स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोट तांबडे झाले तर पिस्टनकडे न पाहताही उत्तर कळते.

चारही बाजूंनी सारखे ओरखडे असतील तर कोणीतरी साधे पेट्रोल, ऑइल न घालता, टाकीत ओतले होते. हे फार थोड्या वेळात घडते आणि नुकसान मोठे असते. पिस्टनचा माथा भोकाच्या कडेला खाल्ल्यासारखा झिजलेला किंवा भोक पडलेला असेल तर इंजिन अवेळी पेट घेत होते. अशा मशीनचे बेअरिंगही तपासल्याशिवाय त्यात पैसे घालू नयेत.

स्पार्क प्लग याच वेळी काढून पाहावा. टोक चॉकलेटी रंगाचे असेल तर मिश्रण ठीक आहे, पांढरट राखाडी असेल तर लीन, आणि काळे ओलसर असेल तर पेट्रोल जास्त आहे किंवा फिल्टर चोंदलेला आहे. एक सावधगिरी मात्र हवी: नवा कोरा प्लग काहीच सांगत नाही, आणि विकण्याच्या आदल्या दिवशी प्लग बदलणे हा सर्वांत स्वस्त मेकअप आहे.

कॉम्प्रेशन आणि गरम चाचणी

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरातली हवा किती दाबतो, हे पाहायला मिस्त्री लोक मशीन स्टार्टरच्या मुठीला धरून हवेत लटकवतात ते उगाच नव्हे. स्विच बंद ठेवून तसे केले असता चांगले मशीन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते, आणि गेलेले मशीन सरळ जमिनीकडे धाव घेते. खालच्या बाजूला दुसरा हात तयार ठेवावा. मात्र प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडले तर थकलेल्या इंजिनाचेही कॉम्प्रेशन काही काळ वाढलेले वाटते, आणि सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे निळा धूर येतो. तसा धूर दिसला तर तो थांबेपर्यंत मशीन चालवून मगच मत बनवावे.

कॉम्प्रेशन मोजायचे गेज असेल तर प्लगच्या जागी ते घट्ट बसवावे, रेस पूर्ण दाबून धरावी आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत सहा-आठ वेळा दोरी ओढावी. या वेळी प्लग त्याच्या टोपीत घालून सिलिंडरच्या धातूला टेकवून ठेवावा किंवा स्विच बंद ठेवावा, नाहीतर ठिणगी देणाऱ्या कॉइलवर ताण येतो. साधारण १५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे माप) आसपास आकडा आला तर इंजिन चांगले आहे, १२० च्या खाली गेला तर आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आकड्यावर भांडण्याआधी गेज पाहावे. मोटारीसाठीच्या ज्या गेजला लांब रबरी नळी असते आणि व्हॉल्व्ह नळीच्या दुसऱ्या टोकाला असतो, ते एवढ्या लहान इंजिनावर कमी आकडा दाखवते.

आता सायलेन्सर परत लावून मशीन दहा मिनिटे खरोखर कापायला लावावे, नुसती रेस देऊ नये. मग बंद करून पाच मिनिटे तसेच ठेवावे. बंद केल्यावर पंख्याची हवा थांबते आणि आतली उष्णता बाहेरच्या भागांत पसरते, म्हणजे मशीन सर्वांत जास्त छळले जाते ते याच पाच मिनिटांत. थंड असताना दोन-तीन ओढींत सुरू झालेले मशीन आता दहा-पंधरा ओढींनीही दाद देत नसेल, तर एक तर कॉम्प्रेशन उष्णतेने ढासळते आहे किंवा इग्निशन कॉइल तापल्यावर ठिणगी देत नाही. प्लग काढून धातूला टेकवून, भोकापासून लांब धरून दोरी ओढली आणि ठिणगी दिसली तर कॉइल निर्दोष आहे.

सायलेन्सरची जाळी आणि कार्बन

बहुतेक सायलेन्सरांच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ऑइल जास्त घातले, हलक्या प्रतीचे ऑइल वापरले किंवा मशीन तासन्‌तास मंद रेसवर चालवले की ती काजळीने बुजते. लक्षणे ओळखीची असतात: सुरुवातीला मशीन बरे चालते, तापल्यावर रेस चढत नाही, आवाज दबल्यासारखा येतो, आणि कार्ब्युरेटर कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. जाळी काढून मशीन क्षणभर चालवून पाहिले आणि दम परत आला तर निदान तिथेच झाले.

जाळी पितळी ब्रशने घासावी. काजळी कडक असेल तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावी, काजळी जळून जाते. जाळी गंजून फुटली असेल तर नवी घालावी, पण ती काढून टाकून काम चालवू नये. मार्च ते मे या काळात काजूच्या डोंगरावर वाळका पाचोळा घोट्यापर्यंत साचलेला असतो, आणि २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे ज्यांनी पाहिले त्यांना ठिणगी अडवणाऱ्या जाळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

सिलिंडरच्या भोकाभोवतीचा कार्बन खरवडताना पिस्टन वर-खाली करून अशा जागी आणावा की त्याच्या कडेने भोक पूर्ण झाकले जाईल आणि रिंग भोकासमोर राहणार नाही. मग लाकडी काडीने किंवा बांबूच्या पातीने हलके खरवडावे आणि निघालेला चुरा मशीन उलटे धरून फुंकून बाहेर काढावा. स्क्रूड्रायव्हर वापरणाऱ्याला मी थांबवतो, कारण भिंतीवरचा मुलामा एकदा निघाला की परत चढत नाही.

जाळणारा शोधणे

लीन चालण्याची कारणे शोधताना सोप्यापासून सुरुवात करावी. टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीचे श्वासाचे छिद्र बुजले आहे. अशा मशीनला काही मिनिटांनी पेट्रोल कमी पडू लागते आणि नेमके भर कामात ते लीन होते. पेट्रोलची नळी बोटांनी पिळून पाहावी, कडक झालेली किंवा चिकट झालेली नळी बदलावी. टाकीतला छोटा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून पाहावा. तो काळपट झाला असेल तर धुण्यात वेळ न घालवता बदलावा.

पेट्रोलकडेही पाहायला हवे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बेतलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर थोडा लीन चालतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल कमी नसते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, तर ऑइल बहुतांशी वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीतला फिल्टर तळाशी पडलेला असल्याने इंजिन नेमके ऑइल नसलेले पाणी पिते. जून महिन्यात भरलेल्या टाकीने गणेश चतुर्थीनंतर मशीन सुरू करणाऱ्यांचे पिस्टन असेच जातात. मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नये. अनेक मशिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के दिलेली असते, ती पाहून शक्य तिथे कमी इथेनॉलचे पेट्रोल घ्यावे, मिश्रण महिन्याच्या आत संपवावे, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत चालवावे.

ऑइलचे प्रमाण पुस्तिकेत सांगितले असेल तेच. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला सामान्यतः ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, तर अनेक स्वस्त मशिनांसाठी २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली सांगितलेले असते. ‘थोडे जास्त घातले तर इंजिनाला बरे’ हा समज दुधारी आहे. ऑइल वाढले की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी होते, मिश्रण उलट किंचित लीन होते, आणि जाळी लवकर बुजते.

यात काही सापडले नाही तर हवेची गळती उरते. तिची वागणूक ठरलेली असते: रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, थोडा वेळ वरच लटकते, आणि मशीन डावीकडे-उजवीकडे कलते केले की मंद रेस बदलते. संशयाच्या जागा तीन-चारच: कार्ब्युरेटरची रबरी नळी, क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या शाफ्टच्या) दोन्ही टोकांची ऑइल सील, सिलिंडरखालचे पॅकिंग आणि कार्ब्युरेटरला दाब पोचवणारी बारीक नळी. माझे दोन पिस्टन खाणारी चीर पहिल्याच जागेत होती आणि मी ती दोन्ही वेळा पाहिली नव्हती, कारण नळी जागेवर असताना तिची घडी बंद असते. रेस दिली, इंजिन थरथरले की घडी उघडते.

खात्रीची चाचणी म्हणजे दाबाची. सायलेन्सर आणि सिलिंडर यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून नट घट्ट करावेत, म्हणजे धुराचे भोक बंद होते. कार्ब्युरेटर काढून रबरी नळीचे तोंड तसेच बंद करावे. पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून हातपंपाने अर्धा बार, म्हणजे सुमारे सात पीएसआय, दाब द्यावा आणि काटा पाहावा. तो उतरत असेल तर संशयित जागांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा जिथे फुगतो तिथे गळती. पण चाचणी इथे थांबवू नये. ऑइल सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टवर अधिकच घट्ट बसते, म्हणून दाबाला टिकणारे सील ओढीला सोडू शकते. पंप उलटा जोडून तेवढीच निर्वात ओढ द्यावी. वीस सेकंद काटा जागचा हलला नाही तरच इंजिन बंदिस्त आहे असे धरावे.

एक साधी गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती साधी असल्यामुळे राहून जाते. सिलिंडरच्या थंड करणाऱ्या पात्यांमधला कचरा पाहावा. ओल्या फणसाचा चीक आणि भुसा मिळून तिथे पुठ्ठ्यासारखा थर होतो, आणि माड कापताना निघणारे तंतू पंख्याच्या झाकणात गुंतून बसतात. पंख्याची पाती तुटलेली असतील तर हवा कमी जाते. बाहेरून हे काहीच दिसत नाही, झाकण उघडावे लागते.

सिलिंडर वाचवता येतो का

पिस्टन जळला म्हणजे सिलिंडर गेला असे नव्हे. भिंतीवरचा कठीण मुलामा पुष्कळदा शाबूत असतो आणि त्यावर फक्त पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटलेले असते. ते काढण्यासाठी सिलिंडर सुटा करून, कानातल्या कापसाच्या काडीने कॉस्टिक सोड्याचे पाणी फक्त चोपडलेल्या जागी लावावे. ॲल्युमिनियम विरघळते तेव्हा बुडबुडे येतात, बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवावे आणि गरज असेल तर पुन्हा लावावे. भोकांच्या कडेला मुलाम्याशिवायचे ॲल्युमिनियम उघडे असते, तिथे थेंब जाऊ देऊ नये. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, काम उघड्यावर करावे आणि जवळ विडीसुद्धा पेटवू नये, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो. साफ केल्यावर भिंत सर्वत्र एकसारखी दिसली आणि नख कुठेच अडले नाही तर नवा पिस्टन आणि रिंग पुरतात. वेगळ्या रंगाचा पॅच उघडा पडला असेल तर मुलामा गेला आहे, सिलिंडरही बदलावा लागेल, आणि मग त्या खर्चासकट भाव नव्याने बोलावा.

परत जोडताना

सायलेन्सरचे जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. नव्या पिस्टनवर पहिल्या दोन टाक्या मशीन पूर्ण रेसवर रिकामे चालवू नये. कार्ब्युरेटरला हाताने फिरवायचे स्क्रू असतील तर जास्त वेगाचा स्क्रू थोडा सैल, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवून सुरुवात करावी. रिकाम्या पूर्ण रेसवर, तीही क्षणभरच, आवाज घोगरा आणि तुटक यावा आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज सलग व्हावा. रिकामे असताना किंचाळी स्वच्छ आणि तीक्ष्ण येत असेल तर मिश्रण लीन आहे. संगणकाने स्वतः जुळणाऱ्या मशिनांना असा स्क्रू नसतो, त्यांच्याबाबतीत गळती बंद करणे एवढेच आपल्या हातात असते.

पहिल्यांदा तापून गार झाल्यावर सायलेन्सरचे नट पुन्हा आवळावेत, कारण पत्रा आणि पॅकिंग एकदा तापले की ते थोडे सैल होतात. दोन टाक्या संपल्यावर सायलेन्सर परत उतरवून, तिरका टॉर्च टाकून पिस्टनची कड पाहावी. आडव्या रेषा जशाच्या तशा असतील तर झाकण लावून मशीन कामाला न्यावे.